पांडवलेणी : राजाची आज्ञा, विणकरांचे व्याज आणि गावाचे दान

नाशिक शहराच्या मध्यापासून साधारण आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून एक शंकूसारखा डोंगर उभा आहे. त्याच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहे. तिथून पायऱ्यांची वाट वर चढते आणि डोंगराच्या मध्यावर एका लांब, सपाट पट्टीवर येऊन थांबते. या पट्टीला लागून असलेल्या कातळात ओळीने २४ लेणी कोरलेली आहेत. हीच नाशिकची पांडवलेणी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग त्यांची देखभाल करतो आणि कायद्याने त्यांना राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाचा दर्जा आहे. भारताच्या इतिहासाच्या पुस्तकांत सातवाहन राजांविषयी जे छापलेले असते, त्याचा मोठा भाग या डोंगरावरच्या भिंतींवरूनच वाचलेला आहे.

लेणी पांडवांनी वनवासात कोरली, अशी समजूत लोकांत जुनी आहे. पुढच्या काळात इथे कोरलेल्या बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या भव्य मूर्ती पाहून लोकांनी त्यांना पांडव मानले आणि तेच नाव रूढ झाले. लेण्यांतील लेख मात्र वेगळी हकिगत सांगतात. त्यांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’, म्हणजे त्रिरश्मी, असे येते आणि लेणी बौद्ध भिक्खूंच्या निवासासाठी कोरवली, असे स्पष्ट लिहिलेले आहे. आज दोन्ही नावे वापरात आहेत. पाटीवर पांडवलेणी दिसते, अभ्यासक आणि बौद्ध उपासक त्रिरश्मी म्हणतात.

भिक्खूंना लेणी का लागत, हे त्यांच्या राहणीवरून कळते. पावसाळा सोडला तर बौद्ध भिक्खू गावोगाव फिरत, भिक्षा मागत आणि धर्म सांगत. पावसाळ्यात नद्यांना पूर येई, वाटा चिखलात बुडत, शेतात पिके उभी असत. त्या काळात भिक्खूंनी एका जागी राहावे असा नियम होता. या मुक्कामाला वर्षावास म्हणतात. वर्षावासासाठी जागा कोरडी हवी, पाणी हाताशी हवे आणि भिक्षेसाठी वस्ती चालत जाण्याजोगी हवी. गावाचा गलबला मात्र कानावर यायला नको. त्रिरश्मी डोंगर या सगळ्या अटींत बसत होता. जवळच नासिक आणि गोवर्धन ही भरभराटीची ठिकाणे होती. गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ गोदावरीकाठी आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतला माल घाट चढून याच भागातून पैठणकडे, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीकडे जात असे. या वाटेवर व्यापारी होते, कारागीर होते, पैसा होता. त्यातूनच दानाला हात पुढे आले.

सह्याद्रीचा कातळ लाव्हारसाच्या थरांपासून बनलेला बेसाल्ट आहे. तो कठीण असतो, पण एकसंध थर सापडला तर त्यात मोठी दालने कोरता येतात. घर बांधताना पाया आधी आणि छत शेवटी येते. लेण्यात काम उलटे चालते. आधी डोंगराचा उतार उभा तासून दर्शनी भाग तयार करायचा, मग छताच्या बाजूने आत शिरत दगड काढत खाली यायचे. खांब वेगळे आणून बसवलेले नसतात. खांबाभोवतीचा दगड काढून टाकला की खांब उरतो. म्हणून एक चुकीचा घाव पडला तर तुटलेला भाग बदलता येत नसे. इथल्या काही लेण्यांचे काम अर्धवट राहिले आहे. छिन्नीचे ओरखडे आणि खडबडीत सोडलेल्या भिंती तिथे जवळून पाहता येतात.

लेण्यांचे दोन प्रकार आहेत. विहार म्हणजे राहण्याची जागा आणि चैत्यगृह म्हणजे उपासनेची जागा. इथे चैत्यगृह एकच आहे, ते १८ क्रमांकाचे. बाकीची बहुतेक लेणी विहार आहेत. विहाराला पुढे खांबांची ओसरी, आत चौकोनी सभागृह आणि त्याच्या तिन्ही बाजूंना छोट्या खोल्या असतात. खोलीत दगडाचाच ओटा कोरलेला असतो, तीच भिक्खूची झोपण्याची जागा. दारापाशी नीट पाहिले तर चौकटीसाठी पाडलेल्या खाचा दिसतात. तिथे पूर्वी लाकडी दारे होती. लेण्यांच्या बाहेर कातळातच पाण्याची टाकी खोदलेली आहेत, लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी त्यांत साठे आणि वर राहणाऱ्या भिक्खूंना ते पुढे उपयोगी पडे.

लेण्यांना दिलेले क्रमांक जागेनुसार आहेत, वयानुसार नाहीत. सर्वांत जुने मानले जाणारे लेणे १९व्या क्रमांकाचे आहे. ते लहान आहे. मधल्या चौकोनी दालनाच्या तीन बाजूंना दोन-दोन अशा सहाच खोल्या आहेत. पुढच्या भिंतीला दगडात कोरलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत आणि खोल्यांच्या दारांवर लाकडी कमानींची हुबेहूब नक्कल आहे. इथल्या लेखात सातवाहन कुळातील कन्ह, म्हणजे कृष्ण, राजा असताना नासिकच्या एका महामात्राने हे लेणे करविले, असे नोंदवले आहे. भिक्खूंची व्यवस्था पाहण्याचे काम त्या अधिकाऱ्याकडे होते. सातवाहन घराण्याच्या सुरुवातीच्या राजांपैकी हा एक. त्याचा काळ काही अभ्यासक इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात, तर काही पहिल्या शतकात धरतात. नासिक हे नाव दगडावर कोरलेले सापडते अशा अगदी जुन्या पुराव्यांत हा लेख मोडतो. म्हणजे शहराचे नाव किमान दोन हजार वर्षे टिकून आहे.

शेजारच्या १८व्या लेण्याचा दर्शनी भाग सर्वांत देखणा आहे. दारावर घोड्याच्या नालासारखी मोठी कमान, तिच्याभोवती नाजूक कठड्यांची नक्षी आणि आत दोन ओळींत खांब. खांबांच्या ओळी संपतात तिथे एकाच दगडातून कोरलेला स्तूप आहे. छत अर्धगोल आहे. त्याखाली पूर्वी लाकडी फासळ्या होत्या, त्यांच्या खाचा उरल्या आहेत. एवढे काम कोणा एका राजाने केले असेल असे वाटते, पण लेख वाचल्यावर दाते वेगवेगळे निघतात. दारावरच्या कमानीचे दान धंभिक गावच्या लोकांनी दिले आहे. कठड्याचा आणि यक्षाच्या मूर्तीचा खर्च दुसऱ्याने केला. चैत्यगृह पूर्ण करविले ते भटपालिका नावाच्या एका स्त्रीने. ती राजाच्या अमात्याची पत्नी होती. एका गावाने मिळून द्यावे आणि ते दान गावाच्या नावाने नोंदले जावे, ही प्रथा इतकी जुनी आहे.

पुढे राज्य बदलले. क्षहरात घराण्यातला नहपान हा शक क्षत्रप या भागाचा स्वामी झाला. त्याच्या जावयाचे नाव उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची पत्नी. १०व्या क्रमांकाचे मोठे लेणे उषवदाताने कोरविले आणि त्यातल्या एका खोलीचे दान दक्षमित्राने दिल्याची वेगळी नोंद आहे. उषवदाताने आपल्या दानांची यादीच भिंतीवर कोरून ठेवली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधले. दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट तरी चालवल्या. हजारो नारळाची झाडे, गायी आणि जमिनी दिल्या. त्याने ब्राह्मणांना दिले आणि बौद्ध भिक्खूंनाही दिले, आणि दोन्ही दाने एकाच भिंतीवर लिहिली.

याच लेण्यात मुलांना गणिताच्या वहीत सोडवता येईल असा एक हिशेब आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या कारागिरांची संघटना. तिच्यावर लोकांचा विश्वास असे, म्हणून तिच्याकडे पैसे ठेवण्याची पद्धत होती. २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १,००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे व्याज महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण होते. लेख सांगतो की लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. २० गुणिले १२ म्हणजे बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण भिक्खूंच्या इतर गरजांसाठी होते. हा व्यवहार नगराच्या सभेत जाहीर करून दफ्तरात रीतसर नोंदला गेला, हेही लेखात आहे. त्याच भिंतीवर ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, असेही लिहिले आहे. भागाकार केला की एका सोन्याच्या नाण्याला चांदीची ३५ नाणी पडत, हा त्या काळचा भाव हाती येतो.

नहपान आणि उषवदात यांची सत्ता फार काळ राहिली नाही. सातवाहन घराण्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून हा प्रदेश परत मिळवला. ३ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत त्याची आज्ञा कोरलेली आहे. राज्यवर्ष १८ मध्ये, विजयी सेनेच्या छावणीतून, ती गोवर्धनच्या विष्णुपालित या अमात्याला पाठवली गेली. पश्चिम कखडी गावातले शेत, जे आजवर उषवदाताकडे होते, त्यातली २०० निवर्तने जमीन त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना दिली जात आहे, असे राजा कळवतो. या जमिनीत राजाच्या माणसांनी शिरू नये, तिथे मिठासाठी खणू नये, कोणी त्रास देऊ नये, अशा सवलतीही दिल्या आहेत. निवर्तन हे जमीन मोजण्याचे त्या काळचे माप आहे.

त्याखालचा दुसरा लेख सहा वर्षांनंतरचा, राज्यवर्ष २४ चा आहे. यात राजासोबत त्याची आईही आज्ञा देते. आधी दिलेले शेत कोणी कसत नाही आणि ते गाव ओस पडले आहे, असे कळले. म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या आपल्या शेतातली १०० निवर्तने भिक्खूंना द्यावीत, असा श्यामक या अमात्याला हुकूम आहे. पाठ्यपुस्तकात राजा म्हटला की लढाई आणि विजय येतात. इथे दिलेले दान उपयोगी पडले नाही हे राजाला कळते आणि तो बदलून देतो. ही दुरुस्तीही लपवलेली नाही, पहिल्या आज्ञेजवळच कोरून ठेवली आहे. राज्य कसे चालत असे, अर्ज कुठवर पोचत असे आणि जमिनीचा कागद कसा होत असे, हे समजायला या दोन लेखांइतका सोपा धडा नाही.

३ क्रमांकाचे लेणे इथल्या सर्वांत भव्य लेण्यांपैकी एक आहे. ओसरीचे सहा खांब ज्या तुळईवर उभे आहेत, ती सहा दणकट यक्षांनी खांद्यावर पेललेली दाखवली आहे. खालच्या बाजूने पाहिले तर यक्ष जमिनीतून वर येत असल्यासारखे भासतात. हे लेणे गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने भिक्खुसंघाला दिले. दानाचा लेख तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्यवर्ष १९ मधला आहे. त्या वेळी गौतमीपुत्र हयात नव्हता. आईने मुलाची आठवण म्हणून त्याच्या राज्यातले प्रदेश मोजले आहेत. त्यांत अश्मक, मूळक, सुराष्ट्र, अपरांत आणि विदर्भ आहेत. सह्य, विंध्य, मलय आणि महेंद्र हे पर्वत आहेत. त्याने शक, यवन आणि पल्हव यांचा नाश केला, क्षहरातांचे कुळ निखंदून काढले आणि त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे ती सांगते. त्याबरोबरच तो धर्माला धरूनच कर घेत असे, अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला आवडत नसे आणि तो आईची सेवा करीत असे, हेही तिने लिहवले. राजाच्या नावात आईचे नाव असणे ही सातवाहनांची पद्धत होती, पण आईने स्वतः मुलाचा इतिहास लिहविल्याचे असे उदाहरण भारतात विरळाच सापडते.

आईने केलेली स्तुती जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येत नाही, दुसरा पुरावा शोधावा लागतो. तो १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभी या गावी सापडला. तिथे मिळालेल्या एका ठेव्यात नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती. त्यांतल्या बऱ्याच मोठ्या भागावर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उमटवलेला होता. पराभूत राजाची नाणी न वितळवता त्यांवरच आपले चिन्ह मारून ती चलनात ठेवली गेली होती. नहपानाचा पराभव झाला, ही गोष्ट भिंत आणि नाणे अशा दोन वेगळ्या साक्षींनी पक्की झाली. इतिहासकार एका साक्षीवर का थांबत नाहीत, हे मुलांना यावरून कळते.

राजघराण्यांखेरीज आणखी पुष्कळ लोकांची नावे या डोंगरावर आहेत. ८व्या लेण्याचा दाता मुगुदास नावाचा कोळी आहे. १७वे लेणे इंद्राग्निदत्त या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाने दिले. तो उत्तरेकडच्या दत्तमित्री नगरीचा होता. २०वे लेणे बोपकी या यतीने सुरू केले आणि ते अनेक वर्षे अर्धवट राहिले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या राज्यवर्ष ७ मध्ये महासेनापती भवगोप याची पत्नी वासू हिने ते पुरे केले. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता या शक स्त्रीने आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. त्या श्रेणींत पाण्याची यंत्रे बनवणारे आणि तेल गाळणारेही होते. कोळी, यवन, शक, सातवाहन, सेनापतीची पत्नी आणि धंभिकचे गावकरी यांची नावे एकाच डोंगरावर आढळतात, हे या स्मारकाचे मोठे वैशिष्ट्य आहे.

सुरुवातीच्या लेण्यांत बुद्धाची मूर्ती नाही, उपासना स्तूपाची होती. इ.स.च्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास महायान पंथाच्या काळात जुन्या विहारांत बदल झाले. २, २० आणि २३ या लेण्यांत बुद्धाच्या मोठ्या मूर्ती आणि चवऱ्या ढाळणारे बोधिसत्त्व कोरले गेले. पुढे जैनांनीही जागा वापरली. ११व्या लेण्यात जैन मूर्ती आहेत. १०व्या लेण्याच्या मागच्या भिंतीवरचा स्तूप नंतरच्या लोकांनी तासून त्याचा भैरव केला. भिक्खू गेले, लेख कोणालाच वाचता येईनासे झाले आणि लेण्यांभोवती दंतकथा वाढल्या.

लेख पुन्हा बोलू लागले ते एकोणिसाव्या शतकात. कॅप्टन डेलामेन हा ब्रिटिश अधिकारी १८२३ मध्ये इथे आला होता, पण ब्राह्मी लिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली. जुन्या ब्राह्मीतला ‘क’ गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखा आणि ‘ठ’ साध्या वर्तुळासारखा असतो, त्यामुळे काही अक्षरे मुलांनाही चटकन ओळखता येतात. नाशिकच्या लेखांचे वाचन रा. गो. भांडारकर यांनी १८७४ मध्ये लंडनला भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहून पाठवले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे वाचन १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये छापले गेले. फ्रेंच विद्वान एमिल सेनार आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यात पुढे भर घातली. बहुतेक लेखांची भाषा प्राकृत आहे. मराठीचा उगम ज्या महाराष्ट्री प्राकृतात शोधला जातो, तिच्या जवळची ही भाषा असल्याने ‘लेण’ आणि ‘गाम’ असे शब्द आजही कानाला परके वाटत नाहीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५६ मध्ये बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यानंतर महाराष्ट्रातल्या लक्षावधी कुटुंबांचे अशा लेण्यांशी नवे नाते जुळले. त्रिरश्मी त्यांना प्राचीन वास्तू तर आहेच, शिवाय वंदनेची जागाही आहे. म्हणून इथे येणाऱ्या शाळेच्या सहलीने बाकीच्यांच्या शांततेचे भान ठेवायला हवे.

स्मारकाचे रक्षण १९५८ च्या प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियमाने होते. २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क नुसार आपल्या संमिश्र वारशाचे जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. भिंतीवर खडूने किंवा टोकदार दगडाने नाव लिहिले तर त्याखालचे अक्षर झिजते, आणि झिजलेले अक्षर पुन्हा कोरता येत नाही.

लेणी पाहताना क्रमांकाच्या ओळीने न जाता काळाच्या ओळीने गेले तर हकिगत सलग कळते. आधी १९, मग १८, त्यानंतर १० आणि ३, नंतर २० आणि शेवटी २३ हा क्रम सोयीचा आहे. प्रत्येक ठिकाणी चार प्रश्न विचारावेत. लेणे कोणी दिले, कोणासाठी दिले, खर्च कुठून आला आणि ते पुढे चालावे म्हणून काय तजवीज केली? विणकरांकडची ठेव, बदलून दिलेले शेत आणि गावाने दिलेली कमान ही त्यांची इथली उत्तरे आहेत. राष्ट्रीय स्मारक हा दर्जा राजाच्या वैभवासाठीच असतो असे नाही, निरनिराळ्या लोकांनी मिळून चालवलेल्या अशा व्यवस्थेची नोंदही त्याला पात्र ठरते. त्रिरश्मीवर ती नोंद मूळ अक्षरांत शिल्लक आहे.